संध्याकाळच्या विमानातली जागा

४ मार्च

अखेर आजपासून सुरू. सहाही एजंटांनी संघाच्या करारावर सह्या केल्या. मारोतराव हेडाऊंनी सगळ्यात शेवटी केली. चष्मा पुसला, मग पेन मागितलं, मग पाणी मागितलं. मला वाटलं होतं ते उठून जातील. गेले नाहीत.

पायल म्हणते, लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत तू रोजनिशी कधी लिहिली नाहीस, आता काय झालं? खरं सांगायचं तर मला हे सगळं नंतर कोणाला तरी दाखवायचं आहे. नागपूरच्या विमानतळावरून माल पाठवणारे सहा लहान एजंट एकमेकांचं तोंड पाहत नव्हते आणि ते एका टेबलावर कसे आले, हे.

मूळ भानगड साधी आहे. प्रवासी विमानाच्या पोटात मालासाठी जागा असते. ती संपून जाईल या भीतीने प्रत्येक एजंट गरजेपेक्षा जास्त जागा धरून ठेवायचा आणि ऐन वेळी सोडून द्यायचा. तोवर नवा माल यायची वेळ निघून गेलेली. कागदावर विमान भरलेलं, प्रत्यक्षात कित्येकदा निम्मं पोट रिकामं. आणि लहान गिऱ्हाइकाला उत्तर एकच, जागा नाही. जागा आहे, माल आहे, फक्त दोघांची गाठ पडत नाही. हैदराबादला मी हेच सोडवून आलो. इथे तर माझं गाव आहे.

आता सहाही जणांची बुकिंग एकाच टेबलावरून होईल, माझ्या. एकच गाडी, एकच तपासणी. जो आधी नोंदवेल त्याची जागा. एकदा चढलेला माल उतरवायचा नाही.

११ मार्च

आज मारोतरावांशी वाजलं. म्हणजे मीच बोललो, ते ऐकत होते.

जुन्या बुकिंगा तपासताना दिसलं की कोलकाता, बंगळुरू आणि गोव्याच्या संध्याकाळच्या विमानात हे गृहस्थ रोज जागा धरतात आणि बहुतेक दिवस सोडून देतात. वर्षानुवर्षं. माल नाही, गिऱ्हाईक नाही, नुसती जागा. मी विचारलं, कशासाठी?

ते म्हणाले, "कधी कधी माणूस येते गा ऐन वेळेवर."

मी म्हटलं, "काका, ऐन वेळेवर येणाऱ्यासाठी आपण रोज विमान रिकामं पाठवायचं का? त्याने आदल्या दिवशी सांगावं."

"त्याले आदल्या दिवशी मालूम नसते."

"मग तो त्याचा प्रश्न आहे."

माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तू शिकून आला. तुह्या हिशोबानं कर." मग पंख्याखालची खुर्ची ओढून बसले आणि पेपर वाचू लागले.

यांचे आजोबा उमरेडला हातमागावर धोतरजोड्या विणायचे. वडिलांनी माग विकून रेल्वे पार्सलचं काम धरलं, मारोतराव विमानाकडे आले. एवढं बदललेलं घर, पण आता एक सवय सोडवत नाही. तिन्ही जागा मी आजपासून मोकळ्या केल्या.

२ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

कुहीकडचे दोन भाऊ आहेत, अंकुश आणि पियुष. धानाच्या शेतात एका कोपऱ्यात पॉलिहाऊस टाकून जरबेरा लावलाय. गोव्याच्या हॉटेलांना लग्नासाठी फुलं हवी असतात, पण यांच्या चार खोक्यांना आजवर कोणी उभं केलं नाही. आज त्यांची खोकी संध्याकाळच्या विमानाने गेली. विमान उडेपर्यंत दोघं कुंपणाबाहेर उभे होते. अंकुश म्हणाला, "सर, आमचं फूल आमच्याआधी विमानात बसलं."

ती खोकी बसली तिथे महिन्यापूर्वी मारोतरावांची हवा बसायची.

घरी येऊन पायलला सांगितलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "आणि ते काका? ते काय म्हणाले?"

"काही नाही. ते हल्ली फारसं बोलत नाहीत."

"विचारायचं होतं ना."

काय विचारायचं?

२४ एप्रिल

अनुसयाताईंनी बाजी मारली. सहा जणांत त्या एकट्या बाई. नवरा गेल्यावर कंपनी विकतील असं सगळ्यांना वाटलं होतं, त्यांनी तिप्पट केली. बुटीबोरीच्या एका औषध कंपनीचं नियमित काम त्यांनी आणलंय. ठरावीक तापमानात ठेवायचा माल, आठवड्यातून तीन दिवस गोव्याच्या वितरकाकडे. आजवर हा माल ट्रकने जायचा.

कंपनीचा माणूस आला होता. त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "ऐन वेळी आमचा माल उतरवणार नाही ना? आधीच्या एजंटने उतरवला होता." मी म्हटलं, आमचा नियमच आहे. त्याने माझा हात हातात घेतला.

तो गेल्यावर अनुसयाताई म्हणाल्या, "बापू, हा करार माह्या नावावर हाये, पण तुह्या शब्दावर झाला. ध्यानात ठेव."

जागा आता जवळजवळ रोज भरते. विमान कंपनीच्या मॅनेजरने स्वतः फोन केला की नागपूरचे आकडे दिल्लीत दाखवले.

मारोतराव आज आले नाहीत. त्यांच्या पोराला विचारलं तर म्हणाला, धंतोलीला गेलेत, कोण्या दवाखान्यात. तब्येत बिघडली असेल. चौकशी करायला हवी.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. सकाळी दीक्षाभूमीवर गेलो, नंतर बाबांकडे कोराडी रोडला. बाबा म्हणाले, काम कसं चाललंय? मी म्हटलं, एक किलोचीही जागा वाया जात नाही. ते म्हणाले, "एकही नाही?" मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी मला खीर वाढली.

संध्याकाळी शेडमध्ये चक्कर मारली. पारा सेहेचाळीसला. पत्र्याखाली उभं राहवत नाही.

२० मे

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी धंतोलीच्या दवाखान्यांच्या भागातून शववाहिका आली. शवपेटी गोव्याला पाठवायची होती. कार्गोमध्ये आम्ही मृतदेह म्हणत नाही, तीन इंग्रजी अक्षरं लिहितो. मुलगी तिथल्याच एका रुग्णालयात नर्स होती. मूळची कुडाळकडची, गोव्याला लागून. परवा मेंदूत रक्तस्राव झाला आणि काल गेली. वडील काल संध्याकाळीच पोचले होते. आज पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, देह टिकवण्याची प्रक्रिया, सगळं उरकेपर्यंत दुपार झाली. माल घ्यायची वेळ अजून संपली नव्हती, पण जागा संपली होती. औषधांची खोकी मावली होती, त्यांच्या बाजूला कुहीची फुलं.

मी विमान कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "पूर्ण जागा तुमच्या संघाची आहे. अर्धी औषधं उतरवा, पेटी चढवतो. तुम्ही सांगा."

मी अनुसयाताईंना फोन लावला. त्यांनी आधी पेटी कोणाची ते विचारलं. मग म्हणाल्या, "मी काय सांगू? तू ठरव."

मी ठरवलं. नियम सगळ्यांसाठी असतो, आणि पहिल्या तीन महिन्यांतच तो मोडला तर सहा जण पुन्हा सहा दिशांना जातील. शिवाय औषधं आहेत, कोणीतरी आजारी माणूस त्यांची वाट पाहत असेल. आणि उद्याचं विमान आहेच. उद्याची पहिली जागा मी स्वतःच्या हाताने पेटीसाठी नोंदवली. हा निर्णय चूक होता असं मला वाटत नाही.

वडिलांना मीच जाऊन सांगितलं. आत्माराम गावडे त्यांचं नाव. एसटीत कंडक्टर होते. पांढरा शर्ट, खांद्याला मुलीची पर्स अडकवलेली. ती पर्स त्यांच्या खांद्यावर विचित्र दिसत होती.

म्हणाले, "साहेब, तिच्या आईचं कमरेचं ऑपरेशन झालंय, तिला उठता येत नाही. नाहीतर तीही आली असती. ती वाट बघतेय."

"उद्या नक्की, काका."

"उद्या किती वाजता?"

"याच वेळेला."

त्यांनी मान हलवली आणि पेटीशेजारी जाऊन बसले. मी म्हटलं, हॉटेलात चला, मी सोय करतो. ते म्हणाले, "नको. ही एकटी राहील."

पेटी शीतगृहात ठेवता येईना. तिथे फक्त औषधं ठेवायची, तशी परवानगीच आहे. शवागारवाले परत घेईनात, बाहेर गेलेला देह परत घेता येत नाही म्हणाले. बर्फाच्या लाद्या मागवल्या, दोन मोठे पंखे लावले. आणखी काय करणार होतो?

मारोतराव संध्याकाळी आले. पेटी पाहिली, गावडेंना पाहिलं. मला वाटलं काही बोलतील. माझ्याजवळून गेले, गावडेंसाठी खुर्ची नेली, स्वतःसाठी दुसरी, आणि दोघं बसून राहिले.

घरी सांगितलं तर पायलने विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

मला आठवेना. कागदावर होतं. मी वाचलं होतं.

२१ मे

सकाळीच कळलं, विमानात बिघाड, आजची गोव्याची फेरी रद्द. मुंबईमार्गे पाठवायचं तर जागा परवाची, तीही पक्की नाही.

पायल शेडमध्ये आली होती, डबा घेऊन. तिने गावडेंना बळेच दोन घास खायला लावले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "रसिका. रसिका गावडे. चोवीस वर्षांची होती."

मारोतरावांनी वातानुकूलित रुग्णवाहिका ठरवली. सोलापूर, कोल्हापूर करत रस्त्याने जायचं. गावडे एकटेच बसणार होते. ड्रायव्हरने दार लावायला घेतलं आणि मी म्हटलं, थांब.

का म्हटलं ते आता गाडीत लिहिताना सांगता येत नाही. पायलला फोन केला. ती म्हणाली, "जा." एवढंच. वर्धेच्या पुढे आलोय. गाडी हलते, अक्षर लागत नाही.

२३ मे, कुडाळ

एसटी स्टँडजवळच्या लॉजवर आहे. काल दिवसभर पेन धरवलं नाही. आता लिहितो.

परवा गाडीत गावडे फारसं बोलले नाहीत. रसिकाच्या पर्समधला फोन मधून मधून वाजायचा. ते उचलायचे आणि सांगायचे, "मी तिचा बाबा बोलतोय." मग समोरच्याचं ऐकत राहायचे. एकदा फोन ठेवून मला म्हणाले, "कोण तरी पेशंट होता. टाके काढायला कधी येऊ विचारत होता."

काल उजाडताना कोल्हापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. गाडीचं एसी रात्रीत एकदा बंद पडलं होतं, ड्रायव्हरने रस्त्यात दुरुस्त करून घेतलं. त्या वेळात आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो. पेटीतून वास येऊ लागला होता. दोघांनाही कळलं होतं.

चहा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही का आलात, साहेब?"

मी म्हणणार होतो, रस्ता लांबचा आहे म्हणून. तोंडातून निघालं, "परवा जागा करता आली असती, काका. मी केली नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिथल्या हमालांनी सांगितलं."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

त्यांनी ग्लास फिरवला. "मी तीस वर्षं कंडक्टर होतो. गाडी भरली की घंटी मारायची. खाली कोण उभं आहे, कशासाठी उभं आहे, विचारायचं नाही. विचारलं की गाडी हलत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा एक बाई पोर घेऊन उभी होती. मी घंटी मारली होती. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही."

मी रडू नये म्हणून रस्त्याकडे बघत राहिलो. ते मात्र शांत होते. मला त्यांचा राग आला, खरंच. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आंबोलीचा घाट उतरून दुपारच्या आधी पोचलो. घर वस्तीच्या टोकाला, मागे काजूची झाडं. सगळं गाव अंगणात. पेटी ओटीवर ठेवली. आईला पलंगासकट दोघातिघांनी बाहेर आणलं.

ती म्हणाली, "उघडा."

गावातले डॉक्टर पुढे आले. पेटीजवळ क्षणभर थांबले, गावडेंना बाजूला नेलं. गावडे परत आले आणि पलंगापाशी बसले.

"उघडूचा नाय," ते म्हणाले. "डॉक्टर नको म्हणतंत."

"कित्याक?"

"तीन दिवस झाले गो."

तिने आरडाओरडा केला नाही. पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माका लगीत न्हेवा." पलंग पेटीला लावला. तिने हात लांब केला आणि लाकडावर ठेवायला गेली, पण कुठे ठेवावा ते कळेना. हात वरच्या वर राहिला.

"तोंड खंय इला?" तिने विचारलं. "डोक्याची बाजू खंयची?"

कोणालाच माहीत नव्हतं. गावडे इकडून तिकडे पाहू लागले. दोन्ही टोकं सारखीच होती. चिठ्ठी प्रवासात कुठेतरी निघून गेली होती.

मला माहीत होतं. शेडमध्ये पेटी ठेवून घेताना डोक्याची बाजू मीच पाहिली होती, आमच्या कामात पाहावी लागते. मी पुढे झालो आणि म्हटलं, "इकडे, काकू."

तिने मी दाखवलं तिथे तळहात ठेवला. नंतर गालही ठेवला. लोक उभे होते. खूप वेळ कोणी तिला उठवलं नाही.

नंतर नदीकाठी सगळं झालं. मी लांब उभा राहिलो. निघताना आईने मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमी माझ्या चेडवाक घराक हाडलास." मी तिच्या मुलीला घरी आणलं म्हणे. तिला काहीच माहीत नाही. गावडे तिच्या मागेच उभे होते. त्यांनी मला नजरेने काही सांगितलं का, की मी तसं समजलो, ठाऊक नाही. मी गप्प राहिलो.

२६ मे

परत आलो. शेडमध्ये गेलो तर सगळं नेहमीसारखं चालू. अंकुशने फुलं आणली होती. जागा भरलेली.

मारोतरावांच्या घरी गेलो. ते अंगणात बनियनवर बसले होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही मला सांगितलं का नाही? ती जागा याच्यासाठी धरत होता म्हणून?"

"सांगतलं ना गा. माणूस येते म्हनलं."

"मला वाटलं गिऱ्हाईक."

"हां, तेही." ते जरा हसले, मग हसू गेलं. "धंतोलीत कुठून कुठून लोक येतात. सगळेच चालत घरी जात नाहीत. तिथल्या लोकांकडे माहा नंबर हाये. पण मले साधू नको समजू. दिवाळीच्या सीझनमध्ये तीच जागा मी चढ्या भावानं विकली हाये. त्या वेळी कोणी मेलं असतं तर मीही उद्या ये म्हनलो असतो. म्हनून बोललो नाही तुले. कोण्या तोंडानं बोलणार?"

"मग आता काय करू?"

"मले काहून विचारतं? तू करून राहिला ना."

त्यांच्या सूनबाईने चहा आणला. आम्ही दोघांनी तो निवू दिला.

३ जून

संघाची बैठक. मी मांडलं की तिन्ही संध्याकाळच्या विमानांत एका पेटीची जागा शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी ठेवायची. कोणी आलं नाही तर रिकामी जाऊ द्यायची. भार सहाही जणांनी वाटून घ्यायचा. सणासुदीलाही विकायची नाही.

अनुसयाताई सरळ म्हणाल्या, "मले पटत नाही. तू मार्चमध्ये याच खोलीत उभा राहून म्हनला होता का रिकामी जागा म्हनजे चोरी. आता तूच म्हनून राहिला का रिकामी पाठवा. वर्षातून किती येतात असे? बाकीच्या दिवशी त्या कुहीच्या पोरांची फुलं इथं सडतील त्याचं काय?"

  त्या म्हणतात ते खरं आहे. कोणाची तरी फुलं राहतील. मी तसं कबूल केलं आणि म्हटलं, तरीही.

मारोतरावांनी विरोधात हात वर केला, याचा मला धक्का बसला. म्हणाले, "नियम नको करू. नियम केला का लोक पाहणं सोडतात." बाकी चौघांनी बाजूने केला. म्हणजे झालं. दोघं नाराज, आणि दोघंही माझ्यापेक्षा जाणते.

अनुसयाताई जाता जाता दारात थांबल्या. "त्या दिवशी तू फोन केला तेव्हा मी उतरव म्हनायले पायजे होतं," म्हणाल्या. "मी तुह्यावर ढकललं." आणि मी काही बोलायच्या आत गाडीत बसल्या.

१० जून

आठवडाभर सलग तिन्ही जागा रिकाम्या गेल्या. विमान कंपनीच्या मॅनेजरचा फोन, नागपूरचे आकडे पडताहेत, काय झालं? मी सांगितलं. तो म्हणाला, हे दिल्लीला कसं लिहू? मी म्हटलं, जसं आहे तसं लिहा.

आज कुहीची दोन खोकी राहिली. पियुषने खोकी परत गाडीत ठेवली. त्याला कारण सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे सर." ठीक नव्हतं, ते दिसत होतं.

१९ जून

दुपारी कुडाळहून फोन आला. गावडे असतील असं वाटलं. आईचा आवाज होता.

म्हणाली की आता काठी धरून चार पावलं चालता येतं. रसिकाच्या मैत्रिणींनी वसतिगृहातलं सामान पाठवलं, ते मिळालं. मग थांबली. मी म्हटलं, काकू, काका बरे आहेत ना? ती म्हणाली, "बरे आसत. त्येंनी माका सांगल्यानी. त्या दिवशीचा."

मी उभा राहिलो होतो. कधी उभा राहिलो ते कळलं नाही.

"काकू, मी तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं."

"ऱ्हवांदे." तिच्या आवाजात राग शोधला, सापडला नाही. मऊपणाही नव्हता. "माका एकच विचारूचा होता. म्हणून फोन केलंय. ती औषधां होती मां? तेनी कोणाचो जीव वाचलो?"

मी एक महिना स्वतःला हेच सांगत होतो की औषधं होती. काय औषधं, ते कधी पाहिलं नव्हतं. तिला म्हटलं, काकू, मला दहा मिनिटं द्या. अनुसयाताईंकडे गेलो आणि विचारलं, त्या दिवशी त्या खोक्यांत काय होतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाट न उघडताच सांगितलं. त्यांनी आधीच पाहून ठेवलेलं होतं.

परत फोन लावला. हो म्हणायचं मनात आलं होतं. एक शब्द, आणि तिला बरं वाटलं असतं.

"डोळ्यांत घालायचे थेंब होते, काकू," मी म्हटलं. "साधे. दुसऱ्या दिवशी गेले असते तरी चाललं असतं."

 पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि कोणीतरी अंगणात झाडत होतं.

"बरां," ती म्हणाली. "म्हणजे कोणाक तरी दिसाक लागला आसतला."

आणि तिने फोन ठेवला.